धड्यातली बहीण

आत्याची खाट दिवसा उघडी कुणी कधी पाहिली नाही. सकाळच्या वर्गाची मुलं जिन्यात कलकलाट करत यायला लागली की ती गादीची वळकटी करायची. लोखंडी पाय पोटाशी घेताना ती घडीची खाट एकदा मोठ्याने करकरायची आणि मग दाराआड भिंतीला टेकून उभी राहायची, शिक्षा झालेल्या पोरासारखी. तिच्या जागेवर लगेच मुलांची चटई पडायची.

"झाली का खाटेची तक्रार सांगून?" वहिनी आतून विचारायची.

"झाली हो. आता संध्याकाळपर्यंत गप्प बसेल बिचारी," आत्या म्हणायची आणि तोंडावर पाणी मारायला जायची.

तिला सगळेच आत्या म्हणत. भाचा म्हणायचा, मुलं म्हणायची, म्हणून वाणी आणि दूधवालाही म्हणायचे. वर्ग चालवायचा तिचा थोरला भाऊ. शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि सकाळ-संध्याकाळ घरी शिकवणी घ्यायचा. त्याला सगळे सर म्हणत, ती दादा म्हणायची. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत वर्ग, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि संसार, आणि दोन्हींच्या मध्ये प्लायवूडची फळी. फळी छतापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे इकडची फोडणी तिकडे जायची आणि तिकडचं इंग्रजी इकडे यायचं.

ती या घरी आली होती एका ट्रंकेनिशी. नवरा परमुलखात कामाला निघाला होता. "जागेची सोय झाली की बोलावतो. तोवर राहा भावाकडे," असं म्हणून तो गेला. पुढे सोय झाली. जागा झाली, त्या जागेत दुसरी बाईही आली. बोलावणं तेवढं आलं नाही. ती आली तेव्हा भाचा रांगत होता. आता त्याच भाच्याच्या डोक्यावर टक्कल पडायला लागलं होतं. ज्याने चोच दिली तो चाराही देतो म्हणतात, आणि खरंच देतो तो, आत्याला कुणी उपाशी ठेवलं नाही. पण बसायला फांदी देईनच, असा शब्द त्याने कुणाला दिलेला नाही.

आणि आत्याला हवी होती ती फांदीच. नवरा परत यावा असं तिने देवाजवळ मागणं कधीच सोडून दिलं होतं. हात जोडून ती एवढंच म्हणायची, "चार भिंती नकोत रे देवा. दोन भिंतींचा एक कोपरा दे, जिथे माझी खाट दिवसा उघडी राहील. दुपारी पाठ दुखली तर टेकता येईल."

पाठ दुखायची, कारण दिवसभर मान खाली घालून शिवायचं काम. चौकापलीकडे कोट शिवणाऱ्यांचं जुनं दुकान होतं, तिथे ती कच्चे टाके घालायची. कोट म्हणजे एका बैठकीत शिवून होणारी वस्तू नव्हे. कापड कापलं की आधी पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालून सगळा कोट नुसता जोडायचा. खांदा, बाही, अस्तर, सगळं. गिऱ्हाईक येऊन अंगात घालून बघणार, कटर खडूने खुणा करणार, मग मशीनवर पक्की टीप बसणार. टीप बसली की कच्चे टाके उसवून टाकायचे. उसवायचं कामही आत्याकडेच. संध्याकाळी तिच्या पायाशी पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता पडलेला असायचा, आणि तो केरात जायचा. गावातले किती वकील, किती नवरदेव तिच्या हाताखालून गेले असतील, पण एकाच्याही कोटात तिचा दोरा राहिलेला नव्हता.

दुकानातला कटर म्हातारा होता आणि जिभेचा तिखट होता. तो म्हणायचा, "आत्या, तुमच्या टाक्यावर कोट उभा राहतो आणि तुम्हालाच बाहेर काढतो. कोट आहे की सासर?"

"कोटाला म्हणावं, आमच्या दादाकडून शीक," आत्या म्हणायची. "त्याने मला धड्यात घातलंय."

हे धड्याचं प्रकरण साऱ्या दुकानाला पाठ होतं. झालं होतं असं. ती माहेरी आली त्याच आठवड्यात सर मुलांना इंग्रजीतला एक वाक्प्रचार शिकवत होते आणि तो काही केल्या मुलांच्या डोक्यात शिरत नव्हता. सर वैतागले. तेवढ्यात फळीच्या बाजूने आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. सरांनी खडूनेच तिच्याकडे बोट केलं आणि फळ्यावर एक वाक्य लिहिलं: माय सिस्टर इज स्टेइंग विथ अस फॉर द टाइम बीइंग. मुलांनी तिच्याकडे बघितलं, वाक्याकडे बघितलं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. सर खूश झाले. शिक्षकाला एकदा चाललेलं उदाहरण म्हणजे आजीला लागू पडलेलं औषध, ते मग जन्मभर प्रत्येकाला द्यायचं. दरवर्षी तो धडा आला की तेच वाक्य फळ्यावर यायचं आणि सगळा वर्ग ते एका सुरात म्हणायचा.

आत्याला इंग्रजी येत नव्हतं. पण सिस्टर म्हणजे बहीण हे तिला कळत होतं. एवढ्या मोठ्या वर्गात, आपला भाऊ, दरवर्षी, न विसरता आपलं नाव घेतो! बाकीचे शब्द तिने स्वतःच्या मनाने भरून घेतले होते. माझी बहीण आमच्याबरोबर असते, ती आमच्या घरचीच आहे, असं काहीतरी छान असणार. अर्थ तिने कुणाला विचारला नाही. देवाच्या कितीतरी स्तोत्रांचा अर्थ तरी आपण कुठे विचारतो? ऐकायला बरं वाटतं, म्हणून म्हणतो. वहिनी एखाद्या दिवशी तोडून बोलली की आत्याला ते वाक्य आठवायचं आणि ती गिळून टाकायची. बोलू दे तिला. दादाने सगळ्यांसमोर म्हटलंय ना.

मग भाच्याने नवीन फ्लॅट घेतला. उंच इमारतीत, लिफ्ट, दिवाणखाना, तीन खोल्या आणि शिवाय एक लहानशी कोठीची खोली. नकाशा घरी आला तेव्हा सगळे चटईवर गोल बसले. भाचा बोट ठेवत गेला, ही आई-बाबांची, ही आमची, ही मुलांची. आत्या मागे उभी राहून वाकून बघत होती. कोठीच्या खोलीवर कुणाचं बोट पडलं नाही. ती चौकोनी होती आणि तिला एक खिडकी होती. आत्याने ती खिडकी दोनदा पाहून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून ती दुकानातून कोटाचे उरलेले तुकडे आणायला लागली. राखी, काळे, तपकिरी, रेघांचे. तुकड्याला तुकडा जोडून ती एक पडदा शिवत होती, त्या खिडकीसाठी. आणि या पडद्याला तिने एकही कच्चा टाका घातला नाही. सगळी उलटी टीप, हाताने, बारीक, दोरा दुहेरी. ओढला तर कापड फाटेल, टाका सुटणार नाही.

कटरने ते बघितलं. काही दिवसांनी एकदा दुपारी चहा पिताना म्हणाला, "आत्या, नवीन घर लांब आहे ना हो? रोज येणार कशा?"

"नाही जमायचं बहुतेक."

"मग एक ऐका. मागची इस्त्रीची खोली रिकामीच असते. मालकाशी बोललोय मी. खाट मावते तिथे. राहा, काम करा. दिवसा कुणी उठवणार नाही."

आत्याने चहा खाली ठेवला. खाटेची गोष्ट तिने या माणसाला कधी सांगितली होती कोण जाणे. क्षणभर ती खोली तिला डोळ्यासमोर दिसली, इस्त्रीच्या वाफेचा वास, कोपऱ्यात खाट, अंथरलेली. पण मग ती हसली.

"भलतंच काय. भावाचं घर असताना दुकानात राहू? लोक दादाच्या तोंडात शेण घालतील. आणि तिथे खोली आहे माझ्यासाठी."

"असं म्हणाले सर?"

"म्हणायला कशाला हवं? मी धड्यातली आहे."

कटरने चहा संपवला. त्याने बशी पालथी घातली आणि खडू उचलला.

त्या वर्षीच्या वर्गात एक चष्मेवाली मुलगी होती. तिची आई कामावर लवकर जायची, म्हणून ती वर्गाच्या बरीच आधी येऊन फळीच्या मागे आत्याजवळ बसायची, पाठांतर करायची आणि मध्ये मध्ये आत्याच्या सुईत दोरा ओवून द्यायची. एका सकाळी ती पुटपुटत होती, "माय सिस्टर इज स्टेइंग..."

"अगं, हे माझं वाक्य!" आत्या म्हणाली. "आहे की नाही छान?"

"छान काय त्यात? सोपं आहे."

"मग सांग बघू अर्थ. मलाही कळू दे. बहिणीचं कळलं, पुढचं सांग."

"फॉर द टाइम बीइंग म्हणजे तूर्तास. पक्कं काही ठरत नाही तोवर. म्हणजे कसं..." मुलीने चष्मा वर सरकवला आणि सरांसारखाच हात केला. "खुर्ची मोडली, नवीन यायची आहे, तर तोवर स्टुलावर बसायचं. नळाला पाणी नाही, तर तोवर टँकरचं. कायमचं असेल तिथे हे वापरायचंच नाही, मार्क कापतात. सर म्हणतात, ज्याला शेवट आहे त्यालाच हे लावायचं."

आत्याची सुई कापडात अर्धीच राहिली.

"म्हणजे दादा म्हणतो, बहीण तूर्तास आमच्याकडे राहते आहे."

"हो." मुलगी पुढच्या वाक्याकडे वळली होती. मग तिला काहीतरी सुचलं आणि तिने सरळ विचारलं, "आत्या, मग तुम्ही कधी जाणार?"

"जाईन की," आत्या म्हणाली. "घाई काय आहे. ओव बघू दोरा."

पण दोरा ओवलेलाच होता. मुलीने सुईकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि हळूच पुस्तकात डोकं घातलं.

तो दिवस तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. दुकानात तिने एका कोटाची डावी बाही उजवीकडे टाचली. कटरने निमूटपणे उसवून परत दिली.

संध्याकाळचा वर्ग सुटल्यावर सर फळा पुसत होते. आत्या चटई गुंडाळायला आली, तशीच थांबली.

"दादा, एक मागू?"

"पैसे हवेत का?"

"पैसे नकोत रे. ते माझं वाक्य बदल."

सरांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "तुला कुणी सांगितलं? अगं, ते उदाहरण आहे. उदाहरण कसं, डोळ्यासमोरचं असावं. मुलांच्या लक्षात राहतं."

"डोळ्यासमोरचं असावं, तर खरं पण असावं ना? स्टुलाचं घाल. टँकरचं घाल. मला काढ त्यातून."

"बरं, काढतो. एवढ्यावरून काय मनाला लावून घ्यायचं?"

"काढून मला कुठे घालशील?" तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "नव्या घरात, दादा. ती कोठीची खोली. मी विचारत नव्हते इतके दिवस. म्हटलं, तूच सांगशील. तिथे माझी खाट लावली तर चालेल का? कायमची?"

सरांनी फडक्याने फळ्याचा तोच कोपरा पुन्हा पुसला. फळीच्या पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला होता. त्यांनी त्या बाजूला एकदा पाहिलं. माणूस वाईट नव्हता. बहिणीला त्याने कधी जा म्हटलं नाही, तिच्या ताटात कमी पडू दिलं नाही. पण काही माणसांना देव सगळं देतो आणि एक "हो" द्यायला विसरतो.

"आता फ्लॅट त्याच्या नावावर," सर म्हणाले. "सूनबाईच्या मनात काय आहे ते बघावं लागेल. आणि समज, उद्या मेहुणे आलेच..."

"कोण?"

सरांनी फडकं झटकलं. तिच्या नवऱ्याचा विषय या घरात कित्येक वर्षांत निघाला नव्हता. आणि निघाला तो आत्ता, असा, आडोसा म्हणून.

"आधी तिथे जाऊ तर," सर म्हणाले. "मग बघू. तूर्तास राहू दे हा विषय."

आत्याने चटई गुंडाळली आणि दाराआडची खाट काढली. ती करकरली. आज वहिनीने आतून काही विचारलं नाही.

तरीही ती पडदा शिवत राहिली. आशा ही फार हट्टी बाई असते, दार लावलं तर खिडकीशी येऊन बसते. आधी तिथे जाऊ, मग बघू, असं दादा म्हणाला. नाही असं काही म्हणाला नाही. या एका धाग्याला धरून तिने दुकान सोडलं. निघताना मालकाने तिला तिचं अंगुस्तान घेऊन जाऊ दिलं, बोटाला सुई लागू नये म्हणून घालायची ती पितळी टोपी. कटर म्हणाला, "खिडकीला मापात बसला नाही पडदा, तर आणा. मी कापून देईन." यापेक्षा जास्त तो बोलू शकला नसता, आणि आत्याला ऐकवलंही नसतं.

नव्या घरी पोचल्यावर सामान लावायची एकच धांदल उडाली. आत्या ट्रंक घेऊन कोठीच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत कपडे धुण्याचं मशीन आधीच बसवलेलं होतं. वर फळ्या ठोकल्या होत्या, त्यांवर खोकी, सुटकेसा, मुलांची सायकल. खिडकी होती. तिच्यात हवा बाहेर टाकणारा पंखा बसवला होता.

"वन्सं, तुमची खाट ना, तूर्तास इथे टाकू," वहिनी मागून म्हणाली. तिने बोट केलं होतं दाराजवळच्या बोळकांडीकडे, चपलांच्या कपाटाशेजारी. "म्हणजे सकाळी मिटवली की जायला-यायला वाट होते. मग बघू काहीतरी."

"हो," आत्या म्हणाली.

"आणि हे काय, पडदा शिवलात? अगंबाई, किती सुबक! टाका बघा कसा, मशीनने मारल्यासारखा." वहिनीने तो उलगडला, कौतुकाने हात फिरवला, आणि तिचं मन खरंच भरून आलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "धुण्याच्या मशीनवर घालायला अगदी बेतशीर होईल. धूळ बसते हो फार. थोडा लांबीला कापला की झालं."

आत्याने ट्रंकेतून कात्री काढली आणि पडदा कापला. कापताना टीप मध्येच तुटली, पण सुटली नाही. पक्का टाका तसाच असतो, तुकड्यातही धरून ठेवतो.

काही दिवसांनी ती दोन बस बदलून दुकानात गेली. कुणाला सांगून गेली नव्हती. वहिनीला म्हणाली, देवदर्शनाला जाऊन येते. देवाचं नाव घेऊन खोटं बोलली, याचं ओझं तिने वाटभर वाहिलं. कटरने तिला बघताच हातातली कात्री खाली ठेवली. तिला काही विचारावं लागलं नाही. तो उठून मागे गेला, इस्त्रीच्या खोलीचं दार उघडलं आणि नुसता बाजूला झाला. आत छतापर्यंत तयार कोटांचे गठ्ठे रचले होते, बाहेरून आलेले, प्लास्टिकमध्ये बांधलेले. पाय ठेवायला जागा नव्हती.

"मालकाने माल भरला," तो म्हणाला. "शिवून घेणारे कमी झालेत. मी पण आता किती दिवस, देव जाणे."

"बरं दिसतं हे," आत्या म्हणाली. "कच्च्या टाक्याची कटकट नाही."

"चहा घ्या."

"नको. उशीर होईल. वर्ग असतो संध्याकाळी."

आणि वर्ग होताच. सरांनी नव्या घरातही शिकवणी सुरू केली होती, दिवाणखान्यात. मुलं आता लिफ्टने यायची, कलकलाट एकदम दारातच फुटायचा. त्या संध्याकाळी आत्या परत आली तेव्हा बोळकांडीत लहान-मोठ्या चपलांचा खच पडला होता. खाट दाराआड उभी होती. बसायला जागा नव्हती, म्हणून ती चपलांच्या कपाटाला टेकून उभी राहिली, पिशवी हातात तशीच.

आत सरांचा आवाज आला. तोच धडा आला होता. सर क्षणभर थांबले. आत्यानेही श्वास धरला. खडू फळ्यावर टेकला आणि मग सवयीचा हात सवयीने चालला.

"म्हणा," सर म्हणाले.

सगळा वर्ग म्हणाला. स्वच्छ, एका सुरात. आणि दाराजवळ, कुणाला ऐकू जाणार नाही असं, आत्याचेही ओठ हलले. इतकी वर्षं ऐकून वाक्य तिला पाठच होतं. आता अर्थही येत होता. तिने ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं, माझी बहीण, जणू ती बहीण दुसरीच कुणी होती, अजून यायची होती, किंवा निघून गेली होती. एकही शब्द चुकला नाही.

मग ती खाली बसून मुलांच्या चपला जोडीजोडीने लावायला लागली. वर्ग सुटायला अजून वेळ होता, आणि तो सुटल्याशिवाय खाट उघडता येणार नव्हती.